मला जे आवडतं, त्याची तिला भीती वाटते

पत्राचा सारांश, ओळख पटेल असे तपशील वगळून: वाचकाचं वय छत्तीस, लग्नाला दोन वर्षं. भयकथा, चित्रविचित्र कॉमिक्स, फारशा कुणी न पाहिलेले भयपट आणि डूम मेटलसारखं संथ, काळोखं संगीत यांचं वेड शाळेपासूनचं. शाळेत मित्र नव्हते तेव्हा याच गोष्टींनी सोबत केली, असं ते लिहितात. बायकोला खुनाचं रहस्य उलगडणाऱ्या कादंबऱ्या आवडतात. भुताखेतांच्या वाटेला ती जात नाही. काही महिन्यांपूर्वी त्यांनी तिला आपला सर्वांत लाडका सिनेमा दाखवला. तो कशाबद्दल आहे हे आधी सांगितलं नाही. ‘एका कुटुंबाची गोष्ट आहे’ एवढंच म्हणाले. पहिला अर्धा तास तिनं त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता. ‘तेव्हा मला फार छान वाटलं,’ असं पत्रात आहे. मग माणसाचं शरीर हळूहळू विद्रूप होत जाण्याचा प्रसंग आला आणि ती उठून गेली. पुढे कित्येक रात्री ती दिवा चालू ठेवून झोपली. नंतरच्या भांडणात म्हणाली, ‘असलं घाण आवडीनं बघणाऱ्या माणसाच्या मनात काय चालत असेल?’ आता घरात यातलं काहीच लावायचं नाही, असं तिचं म्हणणं. वाचक विचारतात: ‘तिला हळूहळू सवय लावता येईल का? नाहीतर मी हे सगळं सोडून द्यावं की लपूनछपून बघावं? आणि जिला माझी आवडच कळत नाही, तिला मी कधी कळणार?’

प्रिय वाचक,

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यांत जड आहे आणि आधीचे दोन त्याच्याच पोटात आहेत. पण सुरुवात त्या वाक्यापासून करू. ते तुम्हाला लागलंय, आणि एखादी गोष्ट लागलेली असताना माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही.

‘असलं बघणाऱ्याच्या मनात काय चालत असेल’ ही शंका तुमच्या बायकोनं शोधून काढलेली नाही. ती जुनी आहे, आणि एके काळी फार प्रतिष्ठितही होती. फ्रेडरिक वर्थम या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञानं 1954 साली एक पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुलं बिघडतात, गुन्ह्याकडे वळतात असं ठासून सांगितलं. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी आपणहून एक आचारसंहिता लादून घेतली. कॉमिकच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत. रक्तपिपासू, नरभक्षक, लांडगा होणारी माणसं, चालती प्रेतं, सगळ्यांना बंदी. अमेरिकेतल्या भयकॉमिक्सचा धंदा बसला. पुढे, 2012 मध्ये, कॅरल टिली या अभ्यासक बाईंनी वर्थमची मूळ टिपणं तपासली आणि त्यानं मुलांचं बोलणं ठिकठिकाणी बदललेलं, जोडलेलं, सोयीचं तेवढंच उचललेलं असल्याचं दाखवून दिलं.

त्याच 1954 च्या सप्टेंबरात ग्लासगोमध्ये शेकडो मुलं एका कबरस्तानात शिरली. लोखंडी दातांच्या राक्षसानं दोन मुलं खाल्ली अशी अफवा होती आणि ही पोरं त्याला शोधायला निघाली होती. दोष अर्थातच अमेरिकन कॉमिक्सवर गेला. तसा राक्षस असलेलं कॉमिक मात्र कुणाला दाखवता आलं नाही. लोखंडी दातांचा पशू सापडतो तो बायबलमध्ये, दानीएलच्या पुस्तकात. तरी ब्रिटननं 1955 मध्ये मुलांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केलाच. (मला या प्रसंगात खरं कौतुक वाटतं ते त्या मुलांचं. राक्षस आहे म्हटल्यावर घरी दडून न बसता ती त्याला शोधायला गेली!)

आणि असल्या गोष्टी बघणाऱ्यांचं राहू द्या, त्या रचणाऱ्यांच्या मनात तरी काय चालतं? अमेरिकी लेखिका शर्ली जॅक्सन यांची झपाटलेल्या घराची गाजलेली कादंबरी 1959 ची. त्याच बाईंनी 1953 मध्ये आपल्या घरातल्या मुलांच्या धुमाकुळावर खळखळून हसवणारं पुस्तक लिहिलं होतं. आपल्या रत्नाकर मतकरींनी वाचताना मान मागे वळवून बघायला लावणाऱ्या गूढकथा लिहिल्या आणि ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ ही बालनाट्यंही. तुमच्या संगीताबद्दल सांगायचं तर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये अशाच कर्कश, आक्रमक संगीताच्या 39 चाहत्यांना मुद्दाम राग आणणाऱ्या आठवणी काढायला लावल्या आणि मग त्यांच्या आवडीचं संगीत ऐकवलं. राग वाढला नाही. उलट, संगीत ऐकल्यावर त्यांना बरं, उत्साही वाटत होतं. प्रयोग लहान आहे आणि तो चाहत्यांवर झालेला आहे, हेही लक्षात ठेवा. ज्याला ते संगीत सोसतच नाही त्याच्याबद्दल तो काही सांगत नाही.

तेव्हा तुमच्या मनात काही बिघडलेलं आहे असं समजायचं कारण मला तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. पण आता एक विनंती. हे सगळं वाचून दाखवून तिला गप्प करू नका. ती सिद्धान्त मांडत नव्हती. अनेक रात्री नीट झोप न झालेलं माणूस भांडणात जे बोलतं ते ती बोलली. आणि मला विचाराल तर तिच्या वाक्यात सिनेमाबद्दलची भीती अर्धीच आहे. उरलेली अर्धी अशी: पुढे काय येणार हे शेजारी बसलेल्या माणसाला ठाऊक होतं, तरी तो गप्प बसला होता.

हे कडक वाटेल, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. भीतीची मजा कशी येते याचा अभ्यास करणाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये, लोकांना मुद्दाम घाबरवण्यासाठी उभारलेल्या एका भयघरात जाणाऱ्या 110 लोकांच्या अंगाला हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष साधा आहे: भीती फार कमी असली तर कंटाळा येतो, फार झाली तर मजा जाते, मधे कुठेतरी एक पट्टा असतो, त्यात माणूस रमतो. तो पट्टा प्रत्येकाचा वेगळा. तुमचा पट्टा वीस वर्षांच्या सरावानं बराच वर सरकलाय. पहिल्यांदा तुम्ही घाबरलात तेव्हा पुस्तक तुमच्या हातात होतं, ते मिटायचा अधिकार तुमचा होता आणि पुढचं पान उलटायचं तेही तुम्हीच ठरवलंत. तिच्या हातात यातलं काय होतं? आपल्याला काय बघायला बसवलंय हेच तिला माहीत नव्हतं.

पत्रातल्या एका ओळीवर मी थोडी थांबले. तिनं हात धरला तेव्हा तुम्हाला छान वाटलं. साहजिक आहे. अमेरिकेत 1986 मध्ये झालेल्या एका प्रयोगात तरुण विद्यार्थ्यांना जोडीजोडीनं भयपट दाखवला, तेव्हा शेजारची मुलगी घाबरली असली की मुलांना तो जास्त आवडला असं दिसलं. मुलींचं उलट; शेजारचा मुलगा घाबरट निघाला की त्यांची मजा गेली. मी तुमच्यावर आरोप करत नाहीये. फक्त स्वतःला एकदा विचारा: तिनं तो सिनेमा बघावा असं वाटत होतं, की तो बघताना घाबरलेली ती तुम्हाला बघायची होती? दोन्ही थोडंथोडं असू शकतं. पण पहिल्यासाठी काहीच लपवावं लागत नाही, लपवावं लागतं ते दुसऱ्यासाठी.

तिच्या जागत्या रात्रींना ‘नाटक’ किंवा ‘अती’ असं काही तुम्ही म्हणाला नसाल अशी आशा आहे. जोआन कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांना विचारलं, की पडद्यावरची कुठली गोष्ट तुमच्या मनात सिनेमा संपल्यावरही राहिली का. दहांतल्या नऊ जणांनी काहीतरी सांगितलं, आणि साधारण चौथ्या हिश्श्याला त्याचा त्रास तेव्हाही होत होता, वर्षं उलटून गेल्यावर. शार्कचा तो 1975 मधला सिनेमा पाहून पाण्यात उतरायला बिचकणारे लोक कँटर यांच्या पुढच्या अभ्यासातही भेटतात. तुमची बायको अपवाद नाही. खरं तर आपण दोघंच, तुम्ही आणि मी, जरा निबर झालोय.

सवयीबद्दल. होय, भीतीची सवय होते आणि मानसोपचारात तिचा उपयोगही करतात. पण तिथे पायऱ्या भिणारी व्यक्ती स्वतः ठरवते, केव्हा थांबायचं तेही तीच ठरवते आणि मुळात तिला ती भीती जायला हवी असते. तुमच्या बायकोला भयपट बघता येत नाहीत याची काही अडचण नाहीये. अडचण तुम्हाला आहे. दुसऱ्याच्या सोयीसाठी भीतीची सवय लावणं याला उपचार म्हणता येत नाही, म्हणून ही कल्पना सोडून द्या. ‘हळूहळू’ म्हटल्यानं ती कल्पना सौम्य होत नाही.

आता जरा आशेचं. ती खुनाच्या कादंबऱ्या वाचते, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. मला ती पत्रातली सगळ्यांत उपयोगी ओळ वाटली. कोल्टन स्क्रिव्हनर या संशोधकानं काळोख्या गोष्टींबद्दलचं माणसाचं कुतूहल मोजायची एक प्रश्नावली तयार केली आहे. त्यात या कुतूहलाचे चार वेगळे भाग पडतात: धोकादायक माणसांची मनं, हिंसा, शरीराची मोडतोड आणि अमानवी संकटं. तुमची बायको पहिल्या भागाची रहिवासी आहे. विष कुणी घातलं, का घातलं, इतकी वर्षं तो माणूस सगळ्यांत हसतखेळत कसा वावरला, यात ती रात्र घालवू शकते. तुम्ही तिला थेट तिसऱ्या भागात नेऊन सोडलंत. म्हणजे काळोख तिला परका नाही, तुम्ही तिला ज्या खोलीत नेलंत ती खोली परकी होती.

त्यामुळे ‘तिला हॉरर आवडत नाही’ हे वाक्य मी तुमच्या जागी असते तर काही काळ बाजूला ठेवलं असतं. तुम्ही पत्रात कॉमिक्स, सिनेमा, पुस्तकं, संगीत एका दमात लिहिलंयत, जणू एकाच गोष्टीची चार नावं आहेत. पण घाबरणाऱ्या माणसासाठी ही चारही फार वेगळी आहेत, आणि फरक आहे तो वेळ कुणाच्या ताब्यात आहे याचा.

सिनेमात वेळ दिग्दर्शकाच्या ताब्यात असते आणि आवाजही त्याच्याच. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. 1960 च्या ‘सायको’मधल्या न्हाणीघरातल्या प्रसंगाला संगीतच नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं आधी म्हणणं होतं, पण संगीतकार बर्नार्ड हर्मननं केवळ तंतुवाद्यांवर ती किंकाळणारी धून रचली आणि आज तो प्रसंग लोकांना आधी कानांनी आठवतो. 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये तर राक्षस जवळजवळ दिसतच नाही. रात्री एकटी चालणारी बाई, मागे पावलं, मग शांतता, आणि अचानक फिस्स करून एक बस पडद्यावर शिरते. बस! प्रेक्षक खुर्चीतून उडतो तो सार्वजनिक वाहतुकीमुळे. सांगायचा मुद्दा हा, की चारांपैकी सगळ्यांत कमी ताबा सिनेमात मिळतो आणि तुम्ही सुरुवातच तिथून केलीत.

पुन्हा कधी तिनंच म्हटलं की बघू या, तर आवाज कमी, दिवे चालू, आणि त्यात काय काय आहे हे आधीच सांगून. कुठल्या सिनेमात नेमकं काय दाखवलंय याची प्रेक्षकांनीच भरलेली यादी देणारी ‘डझ द डॉग डाय’सारखी संकेतस्थळं आहेत; तिथे बघून घ्या. रहस्य फुटेल म्हणून हळहळू नका. काय येणार हे ठाऊक असलं की बऱ्याच जणांना ते कसं आणलंय हे निवांत बघता येतं. आणि निवडताना तुमचा लाडका सिनेमा नको, तिला जमेल असा निवडा. न्यूझीलंडचा 2014 मधला ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ घ्या: शेकडो वर्षं जगलेले रक्तपिपासू एका घरात भाडेकरूंसारखे राहतात आणि पाच वर्षं भांडी कुणी घासली नाहीत यावरून बैठक बोलावतात. रक्ताच्या चिळकांड्या त्यातही उडतात, तेही आधी सांगा. किंवा 1977 चा जपानी ‘हाउस’. त्यातल्या कल्पना दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशींनी आपल्या लहान मुलीला विचारून घेतल्या होत्या आणि सिनेमा दिसतोही तसाच, मुलाच्या स्वप्नासारखा बेताल. हा तिला आवडेलच असं नाही. तो कुणालाही आवडेलच असं म्हणता येत नाही, पण निदान वाद चांगला होईल.

कॉमिकमध्ये ताबा वाचणाऱ्याकडे येतो, पण पुरता नाही. जुंजी इतो हे जपानी भयकॉमिककार पूर्वी दंततंत्रज्ञ होते. त्यांच्या कथांमध्ये भयंकर चित्र बहुतेक वेळा पान उलटल्यावरच समोर येतं, म्हणजे ते दृश्य वाचकाच्याच हातून घडतं. त्यांच्यापासून सुरुवात करू नका; शरीराची मोडतोड तिथे भरपूर आहे. तुमच्या बायकोसाठी मला एकच नाव सुचतं आणि ते मी जरा आग्रहानंच सांगते: एमिल फेरिस यांचं 2017 मधलं ‘माय फेव्हरिट थिंग इज मॉन्स्टर्स’. 1960 च्या दशकातलं शिकागो. दहा वर्षांची एक मुलगी भयपटांची आणि भयमासिकांची वेडी, वहीत स्वतःला लांडगामुलगी म्हणून काढते, गुप्तहेराचा कोट घालते आणि वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या मृत्यूचा तपास करते. तुमची आणि तुमच्या बायकोची, दोघांची आवड एकाच वहीत. फेरिस यांना चाळिशीत डासांतून पसरणाऱ्या विषाणूमुळे पक्षाघात झाला होता. हाताला पेन चिकटवून त्या पुन्हा चित्र काढायला शिकल्या आणि त्यातून हे पुस्तक उभं राहिलं. पुस्तक हलकं नाही. नाझी छळ आहे, मुलांवरचे अत्याचार आहेत. सांगून द्या. पण आवडतं म्हणून राक्षस काढत बसणारी एकटी पोर आतून कशी असते, हे त्या पुस्तकाइतकं चांगलं तुम्हाला सांगता येणार नाही, आणि मलाही नाही.

पुस्तकात मात्र चित्र वाचणारा स्वतः काढतो आणि सहसा आपल्याला झेपेल तेवढंच काढतो. एम. आर. जेम्स हे केंब्रिजमधले विद्वान आपल्या भूतकथा आधी मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवत. त्या कथांमध्ये जुनी कागदपत्रं, शिलालेख, कोडी असतात, तपास असतो, आणि भूत अगदी शेवटी, तेही ओझरतं. रहस्यकथा वाचणाऱ्याला ही घडण ओळखीची वाटेल. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, हा प्रकार जोडप्यांसाठी फार चांगला आहे, कारण ‘थांब’ म्हटलं की थांबता येतं. वाचणारा तुमचा आवाज असतो, तोच तिचा आधारही. मराठीत नारायण धारप आहेतच. 2018 च्या ‘तुंबाड’मागे त्यांची ‘आजी’ ही कथा आहे हे तिला सांगितलंत तर कदाचित ती कथा आपणहून मागेल. मागितली तरच द्या.

संगीताबद्दल फार काळजी नको. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडच्या 1970 मधल्या पहिल्या तबकडीचं पहिलंच गाणं ज्या स्वरांतरावर उभं आहे त्याला ‘संगीतातला सैतान’ म्हणत आलेत, पण मध्ययुगात चर्चनं त्यावर बंदी घातली होती ही चाहत्यांची लाडकी दंतकथाच आहे. बऱ्याच लोकांना हे संगीत भीतिदायक वगैरे वाटत नाही, लांबलचक वाटतं. तिलाही तसंच वाटलं तर वाटू द्या. हेडफोन लावा.

आता सोडून द्यावं की लपवावं. दोन्ही नको. लपवलंत तर ते कधीतरी उघडं पडेल आणि ‘लपवण्यासारखंच आहे’ ही तिची शंका तुम्हीच खरी करून दाखवाल. सोडून दिलंत तर वर्षभरात तुम्ही त्या त्यागाचा हिशेब मांडायला लागाल. अशा गोष्टींचे हिशेब नेहमी चुकीच्या भांडणात निघतात. तिचं ‘घरात काहीच नको’ हे मला जास्तीचं वाटतं, पण ते आजचं आहे आणि धक्क्यातून आलेलं आहे. त्याला उत्तर म्हणून हक्क सांगू नका, व्यवस्था सुचवा. तुम्ही सिनेमा बघाल तो हेडफोन लावून. बंद दाराआडून येणाऱ्या किंकाळ्या हा भयपटाचा सर्वांत वाईट प्रकार आहे, चित्र नाही आणि नुसता आवाज. झोपायच्या खोलीत पोस्टर नको, दर्शनी मुखपृष्ठं नकोत, बाहुल्या नकोत. ती खोली दोघांची आहे. कपाटाचा एक कप्पा आणि आठवड्यातली एखादी संध्याकाळ मात्र तुमची, आणि त्याबद्दल कुजके शेरे नाहीत. हे सगळं एकदम ठरवायची गरज नाही. आधी माफी मागा, आणि ती सिनेमाबद्दल नको. ‘तो सिनेमा इतका भयानक वाटेल असं वाटलं नव्हतं’ ही माफी होत नाही. ‘तुला न सांगता बसवलं, ते चुकलं. पुन्हा तसं करणार नाही,’ एवढं पुरे.

राहिला तिसरा प्रश्न. ‘जिला माझी आवडच कळत नाही, तिला मी कधी कळणार?’ इथे तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय: माझी आवड म्हणजे मी. शाळेत ते खरंही असेल. ज्याला कुणी जवळ घेत नाही त्याच्यासाठी राक्षस हे बरे सोबती असतात. तेही बाहेरच टाकलेले. तेव्हापासून ‘हे ज्याला आवडेल तो आपला’ अशी एक परीक्षा तुम्ही मनात तयार केलीत आणि लग्नानंतर तिच्यापुढे तीच प्रश्नपत्रिका ठेवलीत. परीक्षा आहे हे न सांगता, अर्थात. पण तो सिनेमा पाहून तिला तुमच्या शाळेतल्या त्या वर्षांबद्दल काय कळणार होतं? ती वर्षं त्या सिनेमात नाहीत. ती तुमच्याकडेच आहेत, आणि ती तोंडानं सांगावी लागतील: कुठलं पुस्तक, कुठल्या दुपारी, तेव्हा काय चाललं होतं, त्यातल्या राक्षसाचा तुम्हाला आधार का वाटला. हे ऐकायला भयपटाची आवड असावी लागत नाही.

आणि उलटा प्रश्न विचारते. तिच्या रहस्यकथांपैकी तुम्ही शेवटपर्यंत किती वाचल्यात? खुनी कोण हे तिला कितव्या प्रकरणात कळतं, कुठल्या लेखकावर ती चिडते, एखादी कादंबरी ती पुन्हा का वाचते? तुमच्या पत्रात तिच्या आवडीचं एकही नाव नाही. तुमच्या आवडीची अकरा आहेत.

बाकी, ज्या सिनेमांबद्दल रात्री दोनपर्यंत बोलायचं असतं त्यासाठी दुसरी माणसं शोधा. फिल्म सोसायट्या, कॉमिक्सवाले, तुमच्यासारखेच एकटे पडलेले चाहते. हा पंथ छोटा असला तरी बोलका आहे. एका माणसानं बायको, मैत्रीण, समीक्षक आणि मध्यरात्रीचा प्रेक्षक सगळंच व्हावं ही अपेक्षा कुठल्याच लग्नाला पेलत नाही.

तुमच्यासारखी पत्रं दुसऱ्या बाजूनंही येतात, म्हणून तुमच्या बायकोच्या जागी असलेल्या वाचकांसाठी थोडं. ‘तू विकृत आहेस’ असं म्हणू नका. ‘मला झोप लागत नाहीये’ म्हणा. दुसऱ्या वाक्यावर वाद घालता येत नाही. एखादं दृश्य डोळ्यांपुढून जातच नसेल तर ते कसं बनवलं, रबर, रंग, दोऱ्या, ते दाखवणारं चित्रीकरण दिवसाउजेडी बघा, किंवा गोष्टीचा शेवट कुणाकडून तरी ऐकून घ्या. अर्धवट सोडलेलं दृश्य मनात वाढत राहतं असा कित्येकांचा अनुभव आहे. जोडीदाराच्या आवडीबद्दल एकदा कुतूहलानं विचारून बघा, बघायला बसायची अट न घालता. आणि महिना उलटूनही रात्री तशाच जात असतील, एकटीनं खोलीत जाणं टाळावं लागत असेल, किंवा त्या दृश्यानं तुमच्याच आयुष्यातलं जुनं काही उकरून काढलं असेल, तर तो विषय सिनेमाचा राहिलेला नाही. समुपदेशकाकडे जा, आणि तिथे काय बोललात ते घरी सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.